एक्स्टर्नल हार्ड डिस्क लिनक्सवरील सर्व सामान्य वापरकर्त्यांना वापरता यावी यासाठी काय करावे?

धूमकेतू यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या प्रकल्पाच्या संगणकावर लिनक्स आहे आणि त्यावर चार जणांची स्वतंत्र खाती आहेत. त्यांपैकी फक्त माझ्या खात्याला सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरण्याची मुभा आहे. उरलेले तिघे सामान्य वापरकर्ते आहेत आणि त्यांनी तसेच राहावे, अशी माझी इच्छा आहे. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि त्यांवरची टिपणे साठवण्यासाठी यूएसबीने जोडायची २ टीबीची एक हार्ड डिस्क घेतली आहे. चौघांनाही तिच्यावरील फाइली वाचता याव्यात, नव्या फाइली ठेवता याव्यात आणि एकमेकांच्या टिपणांत दुरुस्ती करता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

सध्या होते ते असे. मी लॉगिन करून डिस्क जोडली की डेस्कटॉपवर तिचे चिन्ह येते आणि ती 'मीडिया' फोल्डरात, माझ्या खात्याच्या नावाच्या उपफोल्डराखाली माउंट होते, म्हणजे तिथे फोल्डरासारखी उघडता येते. मी लॉगआउट न करता दुसऱ्या सहकाऱ्याने आपले खाते उघडले आणि तो त्या जागी जाऊ लागला, तर त्याला 'परमिशन डिनाइड' असा संदेश मिळतो. डिस्क एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये (फाइली मांडण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेली आहे. पेन ड्राइव्हसाठी यूआयडी (मालकाचा क्रमांक), जीआयडी (गटाचा क्रमांक) आणि यूमास्क (काढून घ्यायच्या परवानग्या) हे पर्याय द्यावेत असे वाचनात आल्यामुळे मी एफएसटॅब फाइलीत (कोणती डिस्क कुठे माउंट करायची याच्या यादीत) तशी ओळ लिहून पाहिली. पण त्यानंतर डिस्क माउंटच होत नाही आणि 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन' या शब्दांनी सुरू होणारा लांबलचक संदेश येतो. 'चमॉड ७७७ करून मोकळे व्हा', म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाका, असाही सल्ला अनेक ठिकाणी आढळला. तो मला पटत नाही, पण का पटत नाही हेही नीट सांगता येत नाही. त्यामुळे नुसत्या आज्ञा न देता त्यांमागचे कारणही कोणी समजावून सांगितले, तर फार उपकार होतील.

अक्षरयात्री यांचे उत्तर

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय कोणताही उपाय नीट लागू पडणार नाही. पहिली अडचण डिस्कपर्यंत पोहोचण्याच्या वाटेची आहे आणि दुसरी डिस्कवर नोंदलेल्या मालकीची.

आधी वाटेबद्दल. डेस्कटॉपवर डिस्क आपोआप माउंट होते तेव्हा ते काम यूडिस्क्स ही सेवा करते. ती डिस्क जोडणाऱ्या वापरकर्त्याच्या नावाने एक फोल्डर तयार करते. उबुंटू आणि डेबियनवर ते 'मीडिया' खाली असते, तर फेडोरा आणि आर्चवर 'रन' मधल्या 'मीडिया' खाली. या फोल्डराची मालकी रूटकडे (प्रशासकाच्या मुख्य खात्याकडे) असते आणि एसीएल (कोणाला कोणती परवानगी याची यादी) लावून त्यात फक्त त्या एकाच वापरकर्त्याला प्रवेश दिलेला असतो. त्या फोल्डरावर गेटएफएसीएल ही आज्ञा चालवून पाहा. तुमच्या नावाच्या ओळीत आर (वाचणे) आणि एक्स (फोल्डरात शिरणे किंवा फाइल चालवणे) ही अक्षरे दिसतील आणि सर्वांत खाली 'अदर' या शब्दापुढे नुसत्या तीन आडव्या रेघा असतील. त्या तीन रेघा म्हणजेच तुमच्या सहकाऱ्याला आलेले 'परमिशन डिनाइड'. लिनक्समध्ये एखाद्या फाइलीपर्यंत जायचे तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरावर एक्स ही परवानगी असावी लागते. म्हणून अशा स्थितीत डिस्कवरच्या फाइलींना ७७७ देणे म्हणजे घराचा मुख्य दरवाजा कुलूपबंद ठेवून आतल्या खोल्यांच्या कड्या काढण्यासारखे आहे. यूडिस्क्सची ही रचना सदोष आहे, असे मात्र कृपया समजू नका. कोणी आपल्या सत्रात स्वतःचा पेन ड्राइव्ह लावला, तर तो इतरांना न दिसणे हेच योग्य आहे. तुमची डिस्क सामायिक आहे, हे त्या सेवेला ठाऊक नाही, इतकेच.

आता मालकीबद्दल. फाइल सिस्टिमचे या दृष्टीने दोन वर्ग पडतात. एक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलीच्या आयनोडमध्ये (तिची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) तिच्या मालकाचा आणि गटाचा क्रमांक कायमचा लिहून ठेवतात. फॅट३२ आणि एक्सफॅट यांत अशी नोंद करण्याची सोयच नाही, म्हणून माउंट करतानाच 'सर्व फाइली अमुक क्रमांकाच्या मालकीच्या समजा' असे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगावे लागते. यूआयडी, जीआयडी आणि यूमास्क हे माउंटचे पर्याय या दुसऱ्या वर्गासाठी आहेत. एक्सटी४ ला ते लागू नाहीत. तिच्याकडे प्रत्येक फाइलीचे स्वतःचे उत्तर असताना बाहेरून दुसरे उत्तर ती स्वीकारत नाही आणि 'बॅड ऑप्शन' म्हणून माउंट नाकारते. तुमची डिस्क एक्सटी४ आहे ही उलट चांगली गोष्ट आहे, कारण तिच्यावर परवानग्या एकदा नीट लावल्या की त्या डिस्कवरच राहतात. दर वेळी नव्याने द्याव्या लागत नाहीत.

यावरून पुढचा मार्ग ठरतो. डिस्कसाठी कोणा एकाच्या नावाखाली नसलेली, कायमची जागा निवडा. माझी पसंती मुळाशी असलेल्या 'एसआरव्ही' फोल्डरात 'साठा' नावाचे उपफोल्डर करण्याला आहे. 'एमएनटी' खाली केले तरी चालेल. मग एलएसबीएलके ही आज्ञा एफ हा पर्याय देऊन चालवा आणि डिस्कच्या पार्टिशनचा यूयूआयडी (कायमचा ओळख क्रमांक) टिपून घ्या. एफएसटॅबमध्ये 'एसडीबी१' यासारखे नाव लिहू नका, कारण डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या यावर ती नावे बदलतात. यूयूआयडी बदलत नाही. ओळ साधारण अशी होईल:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एसआरव्ही/साठा एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

यातला 'नोफेल' हा शब्द कृपया गाळू नका. तो नसेल आणि संगणक सुरू होताना डिस्क जोडलेली नसेल, तर सिस्टिमडी (संगणक सुरू करून सेवा सांभाळणारी व्यवस्था) तिची ९० सेकंद वाट पाहते आणि त्यानंतर संगणक नेहमीसारखा सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये जातो. ज्या सामान्य वापरकर्त्यासमोर तो काळा पडदा उभा राहतो, त्याच्या हातात सुडो नसते आणि तो तिथेच अडकतो. ओळ लिहून झाल्यावर 'फाइंडमाउंट' ही आज्ञा 'व्हेरिफाय' या पर्यायासह चालवून ती तपासा, 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' करा आणि मग 'माउंट -ए' करा. चूक असेल तर ती संगणक चालू असतानाच कळते, पुन्हा सुरू करताना नव्हे.

पुढची पायरी गटाची. चौघांचा एक गट करा, समजा 'प्रकल्प'. प्रत्येकाला त्यात घालताना यूजरमॉडला छोटा ए आणि मोठा जी हे दोन्ही पर्याय एकत्र द्या. छोटा ए विसरला, तर तो वापरकर्ता आधीच्या सर्व पूरक गटांतून बाहेर काढला जातो. तुमच्या स्वतःच्या खात्याच्या बाबतीत असे झाले, तर सुडोची मुभाही जाऊ शकते. गट बदलल्यावर प्रत्येकाने लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला हवे, कारण गटांची यादी सत्र सुरू होतानाच वाचली जाते. 'आयडी' ही आज्ञा दिल्यावर यादीत 'प्रकल्प' दिसला की झाले.

त्यानंतर, आणि डिस्क माउंट झालेली असतानाच, 'साठा' या फोल्डराचा गट चग्रुपने 'प्रकल्प' असा करा आणि त्याला चमॉडने २७७० द्या (७७० म्हणजे मालकाला आणि गटाला सर्व परवानग्या, इतरांना काहीच नाही). 'माउंट झालेली असतानाच' यावर भर देण्याचे कारण असे, की माउंट करण्यापूर्वीचे रिकामे फोल्डर आणि माउंट केल्यानंतर त्याच जागी दिसणारे डिस्कचे मूळ फोल्डर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आधी दिलेल्या परवानग्या माउंट होताच झाकल्या जातात, आणि 'परवानगी देऊनही काही फरक पडत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उलट, डिस्कच्या मूळ फोल्डराला दिलेल्या परवानग्या डिस्कवरच लिहिल्या जातात.

२७७० मधला पहिला अंक २ म्हणजे सेटजीआयडी. तो फोल्डरावर असला की आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल, ती कोणीही केलेली असो, 'प्रकल्प' गटाची होते आणि आतली नवी उपफोल्डरेही हाच अंक वारशाने घेतात. एवढ्याने एकमेकांच्या फाइली वाचता येतील, पण त्यांत लिहिता येईलच असे नाही. कित्येक डिस्ट्रिब्यूशनांत यूमास्क ०२२ असतो, आणि तो नव्या फाइलीवरून गटाचा लेखनाधिकार काढून घेतो. ज्यांत तो ००२ असतो, तिथे ही अडचण येत नाही. प्रत्येकाच्या यूमास्कवर विसंबून राहण्यापेक्षा फोल्डरावर डिफॉल्ट एसीएल (आत होणाऱ्या नव्या फाइलींना आपोआप लागणारी परवानग्यांची यादी) लावणे मला अधिक खात्रीचे वाटते. तो असला की त्या फोल्डरापुरता यूमास्क विचारात घेतला जात नाही:

सुडो सेटएफएसीएल -एम डी:जी:प्रकल्प:आरडब्ल्यूएक्स /एसआरव्ही/साठा

हा नियम नव्याने होणाऱ्या फाइलींसाठी आहे. डिस्कवर आधीच असलेल्या फाइलींचा गट आणि परवानग्या रिकर्सिव्ह पर्यायाने (आतल्या सर्व फोल्डरांसह) एकदा बदलून घ्याव्या लागतील, आणि आधीच्या उपफोल्डरांवर सेटजीआयडी व हाच एसीएल वेगळा लावावा लागेल.

राहिला ७७७ चा प्रश्न. तुम्हाला तो पटत नाही ते योग्यच आहे. ७७७ ने संगणकावरील प्रत्येक खात्याला लेखनाधिकार मिळतो, आणि त्यांत केवळ तुमचे चौघे नव्हे, तर वेगवेगळ्या सेवांसाठी केलेली खातीही येतात. रिकर्सिव्ह चालवले तर प्रत्येक छायाचित्र आणि टिपण चालवण्याजोगी फाइल ठरते. आणि एवढे करूनही उद्या तयार होणाऱ्या फाइलीला त्याचा काहीच उपयोग नसतो. ती पुन्हा यूमास्कप्रमाणेच तयार होते. गट करायला पाच मिनिटे अधिक लागतात, पण कोणाला काय करता येते याचे उत्तर त्यानंतर एका यादीत वाचता येते.

सांगाती यांचे उत्तर

अक्षरयात्री यांनी एक्सटी४ बद्दल सर्व काही सांगितले आहे. हीच डिस्क विंडोजच्या संगणकालाही जोडायची असेल, तर मात्र विचार बदलावा लागेल, म्हणून थोडी भर घालतो.

विंडोज एक्सटी४ स्वतःहून वाचत नाही. अशा वेळी एक्सफॅट हा सोपा पर्याय आहे; तिचा आजचा ड्रायव्हर २०२० मध्ये आलेल्या ५.७ या कर्नलपासून लिनक्समध्येच समाविष्ट आहे. फॅट३२ तुमच्या कामाची नाही, कारण तिच्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मोठी असू शकते आणि लांब ध्वनिमुद्रण ही मर्यादा सहज ओलांडते. एक्सफॅटसाठी तुम्ही आधी वापरून पाहिलेले पर्याय बरोबर होते. जीआयडीमध्ये 'प्रकल्प' गटाचा क्रमांक द्यावा. मात्र यूमास्क एकच देण्याऐवजी फोल्डरांसाठी डीमास्क ००७ आणि फाइलींसाठी एफमास्क ११७ असे वेगळे द्यावेत. त्यामुळे फोल्डरांना ७७० आणि फाइलींना ६६० मिळते आणि छायाचित्रांवर विनाकारण एक्स लागत नाही. अशा डिस्कवर नंतर चओन (मालक बदलण्याची आज्ञा) करण्याचा प्रयत्न केलात, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येईल. तो बिघाड नाही. मालकी लिहून ठेवायला तिथे जागाच नाही.

एनटीएफएससाठी २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आहे आणि त्यापूर्वीपासून एनटीएफएस-३जी आहे. विंडोज हायबरनेट केलेल्या अवस्थेत, किंवा 'फास्ट स्टार्टअप' चालू ठेवून बंद केलेले असताना डिस्क काढून आणली, तर लिनक्सवर ती फक्त वाचता येण्याजोगी माउंट होते किंवा माउंट व्हायलाच नकार देते. त्या वेळी परवानग्या बदलत बसणे व्यर्थ आहे. डिस्क परत विंडोजला जोडावी आणि ते पूर्णपणे बंद करावे.

तुमची डिस्क याच संगणकाजवळ राहणार असेल, तर एक्सटी४ सोडू नका, असेच माझेही मत आहे. आणखी एक सूचना. सामान्य वापरकर्त्यांना डिस्क काढता-लावता यावी असे वाटत असेल, तर एफएसटॅबच्या पर्यायांत 'नोऑटो' (आपोआप माउंट करू नये) आणि 'यूजर्स' हे शब्द घाला. 'यूजर' असे एकवचनी लिहिले तर ज्याने डिस्क माउंट केली त्यालाच ती अनमाउंट करता येते. अनेकवचनी लिहिले तर कोणालाही येते. या दोन्ही शब्दांबरोबर नोएक्झेक, नोएसयूआयडी आणि नोडेव्ह आपोआप लागू होतात, म्हणजे डिस्कवरून प्रोग्रॅम चालवता येत नाहीत. तुमच्या वापरासाठी ते हिताचेच आहे.

धूमकेतू यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. अक्षरयात्री यांनी सांगितल्याप्रमाणे 'एसआरव्ही' खाली डिस्क माउंट केली, गट केला, २७७० आणि डिफॉल्ट एसीएल लावले. चौघांनाही डिस्क उघडता येते, आणि एकाने डिस्कवरच नवे टिपण तयार केले तर दुसऱ्याला त्यात दुरुस्तीही करता येते. गेटएफएसीएलच्या त्या तीन रेघा पाहिल्यावर पहिली अडचण लगेच उमगली.

दोन शंका उरल्या आहेत. एका सहकाऱ्याने आपल्या होम फोल्डरातील टिपणे 'सीपी' (प्रत काढण्याची आज्ञा) ने डिस्कवर आणली, तर ती इतरांना वाचता येतात पण बदलता येत नाहीत. आणि 'एमव्ही' (हलवण्याची आज्ञा) ने हलवली, तर त्यांचा गटही 'प्रकल्प' होत नाही. डिफॉल्ट एसीएल असूनही असे का व्हावे? दुसरी शंका अशी, की कोणी चुकून दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण पुसू नये, यासाठी काही करता येईल का?

मूळाक्षर यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर एसीएलमधल्या 'मास्क' या ओळीत, म्हणजे गटाला मिळू शकणाऱ्या अधिकारांच्या कमाल मर्यादेत आहे. एखादा प्रोग्रॅम फाइल तयार करतो, तेव्हा तो कर्नलला हव्या असलेल्या परवानग्याही कळवतो. टिपणवहीचा प्रोग्रॅम साधारणतः ६६६ (सर्वांना वाचन आणि लेखन) मागतो, त्यामुळे डिफॉल्ट एसीएलमधला गटाचा लेखनाधिकार शाबूत राहतो. सीपी मात्र मूळ फाइलीच्या परवानग्या पाहून तेवढ्याच मागते. मूळ फाइल ६४४ असेल, तर तिच्यात गटाला फक्त वाचन आहे, आणि नव्या फाइलीचा मास्क तेवढाच आखूड होतो. अशा फाइलीवर गेटएफएसीएल चालवलेत, तर 'प्रकल्प' च्या ओळीत आरडब्ल्यूएक्स दिसेल, पण त्याच ओळीच्या टोकाला 'इफेक्टिव्ह' असे लिहून पुढे आर आणि दोन रेघा असतील. अधिकार दिलेला आहे, पण मास्कने तो अडवला आहे. डिफॉल्ट एसीएल यूमास्कला बाजूला सारतो. प्रोग्रॅमने मागितलेल्यापेक्षा अधिक मात्र तो देत नाही.

एमव्हीचे कारण निराळे आहे. होम फोल्डर आणि डिस्क या दोन वेगळ्या फाइल सिस्टिम असल्यामुळे हलवणे म्हणजे प्रत्यक्षात प्रत काढणे आणि मूळ फाइल पुसणे. आणि ही प्रत काढताना एमव्ही मालक, गट, परवानग्या हे सर्व मूळ फाइलीप्रमाणे जसेच्या तसे ठेवते. म्हणून सेटजीआयडीने दिलेला गटही पुसला जातो. सीपीला पी हा पर्याय दिला, तरी हेच घडते.

यावर दोन्ही बाजूंनी उपाय करावा. चौघांचाही यूमास्क ००२ करून घ्या, म्हणजे होम फोल्डरात यापुढे तयार होणाऱ्या फाइली मुळातच ६६४ होतील आणि सीपीने आणल्यावर गटाला बदलता येतील. ज्या डिस्ट्रिब्यूशनांत प्रत्येक वापरकर्त्याचा स्वतःच्याच नावाचा खासगी प्राथमिक गट असतो, तिथे असे केल्याने काही उघडे पडत नाही. सर्वांचा प्राथमिक गट एकच असेल, तर मात्र आधी विचार करा. मेमरी कार्डावरून येणाऱ्या छायाचित्रांना यूमास्कचा उपयोग होणार नाही. त्यांच्यासाठी रूटच्या खात्यातून ठरावीक वेळी चालणारी छोटी दुरुस्ती ठेवा: संपूर्ण 'साठा' चा गट चग्रुपने 'प्रकल्प' करायचा आणि चमॉडने गटाला आर, डब्ल्यू आणि कॅपिटल एक्स द्यायचे. कॅपिटल एक्स फोल्डरांना आणि आधीच चालवण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच लागू होतो, म्हणून छायाचित्रांना धक्का लागत नाही. एसीएल असलेल्या फाइलीवर चमॉडने गटाला दिलेला अधिकार खरे तर मास्कवरच लिहिला जातो, त्यामुळे वर सांगितलेली अडवणूकही त्याच आज्ञेने दूर होते.

दुसऱ्या शंकेबाबत एक गोष्ट आधी लक्षात घ्या: लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर असतो. फोल्डरात लिहिता येत असेल, तर दुसऱ्याची केवळ वाचनीय फाइलही पुसता येते. हे थांबवण्यासाठी स्टिकी बिट आहे, जो 'टीएमपी' फोल्डरावर नेहमी असतो. ध्वनिमुद्रणांच्या फोल्डराला २७७० ऐवजी ३७७० द्या, म्हणजे फाइल पुसण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा अधिकार फाइलीच्या मालकाला, फोल्डराच्या मालकाला आणि रूटलाच राहील. स्टिकी बिट वारशाने खाली उतरत नाही, म्हणून प्रत्येक उपफोल्डराला तो वेगळा द्यावा लागेल. टिपणांच्या फोल्डराला मात्र तो लावू नका. अनेक संपादक जतन करताना आधी नवी फाइल लिहून मग ती जुन्या नावावर आणतात. तिथे स्टिकी बिट आडवा येतो आणि सहकाऱ्याला दुरुस्ती जतनच करता येत नाही. शिवाय या बिटाने पुसणे थांबते, फाइलीतला मजकूर बदलणे थांबत नाही. ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असायलाच हवी.

शेवटी, कोणी विचारले नसले तरी सांगणे गरजेचे वाटते: ही डिस्क पुढे दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडणार असाल, तर तिच्यावर नावे नव्हे, क्रमांक लिहिलेले आहेत हे ध्यानात ठेवा. इथे 'प्रकल्प' गटाचा क्रमांक १००५ असेल आणि तिथे १००५ हा दुसऱ्याच गटाचा असेल, तर डिस्क त्या गटाला खुली होईल आणि तुमच्या गटाला बंद. ग्रुपअॅडला जी पर्यायाने क्रमांक सांगता येतो, तेव्हा दोन्ही संगणकांवर गट एकाच क्रमांकाने तयार करणे सर्वांत सोपे. तसे करणे शक्य नसेल, तर ५.१२ पासूनच्या कर्नलमध्ये आयडी-मॅप्ड माउंटची (डिस्कवरचे क्रमांक बदलून दाखवण्याची) सोय आहे आणि यूटिल-लिनक्सच्या २.३९ या आवृत्तीपासून ती माउंटच्या पर्यायांतूनही वापरता येते. जुन्या संगणकावर तेच काम बाइंडएफएस करते, फक्त ते फ्यूजवर (फाइल सिस्टिम कर्नलबाहेरून चालवण्याच्या सोयीवर) चालत असल्यामुळे मोठ्या फाइलींना थोडा अधिक वेळ लागतो.